टीव्हीतल्या नवरीची हळद

गुरुवारी सकाळी माझ्या अठरा चॅनलांनी एकदम मान टाकली, आणि त्याच शनिवारी माझ्या पोरीची हळद होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध ते सांगतो, पण मधे कोणी बोलायचं नाय. मधे बोललेलं मला खपत नाय. घरात कमळ बोलते, तिला मी बायको म्हणून माफ केलंय.

मी साईनाथ. धसईच्या अलीकडची चार गावं आणि तीन पाडे, एवढ्यांत केबल माझी. माझी म्हणायची आपली. वायर माझी, वायरीवर बसणारे कावळे माझे, वायर तुटली की शिव्या माझ्या. चॅनल मात्र मुंबईच्या एका कंपनीचे, आणि ते कल्याणपर्यंत आणून मला देणारी दुसरी कंपनी. या दोघींचं वाजलं. चॅनलवाली म्हणाली दर वाढवून द्या, नेटवर्कवाली म्हणाली एक रुपया वाढवणार नाय. मग चॅनलवालीने बटण दाबून अठराच्या अठरा चॅनल बंद केले. दोघी गेल्या कोर्टात, आणि इकडे लोकांच्या टीव्हीवर निळी पाटी आली. हे चॅनल उपलब्ध नाही, आपल्या केबल ऑपरेटरशी संपर्क साधा.

लोकांनी साधला. सकाळी आठपासून फोन कानाला चिकटला तो जेवायच्या वेळी पण सुटेना. माझं एक गिऱ्हाईक जैतू, त्याने तर मला धसईच्या नाक्यावर गाडी आडवी घालून थांबवलं आणि मॅच कुठं नेलीस म्हणून विचारलं, जशी काय मी खिशात घालून फिरतोय. गावातल्या चांगोने दुसराच शोध लावला. पोरीच्या लग्नाला खर्च आला म्हणून मी चॅनल विकले, असं तो चहाच्या टपरीवर सांगत होता. विकले म्हणजे कोणाला विकले, कोण घेणार आहे, हे त्याला कोणी विचारलं नाय. मी तिथं गेलो आणि विचारलं. थोडं मोठ्याने विचारलं. टपरीवाल्याने माझा चहा तसाच ठेवून आधी मला पाणी दिलं.

हे सगळं मी पचवलं असतं. वीस वर्षं हा धंदा करतोय, शिव्या खाऊन माझं पोट भरतं. पण त्या संध्याकाळी मी सकुआत्याकडे नारळ घेऊन गेलो, आणि तिथं माझी खरी वाट लागली.

सकुबाई म्हणजे आमच्याकडची धवलारीण. ज्यांना माहीत नाय त्यांना सांगतो. आमच्याकडे लग्नात धवले म्हणतात. हळद दळायला एक, लावायला एक, मांडवाला एक, नवरीला पाठवायला एक, अशी सगळ्या विधींची गाणी या बाईच्या डोक्यात असतात, कागदावर एक ओळ नाय. सत्तरी उलटलेली ही आत्या माझी सख्खी नाय, गावाची आहे. माझ्या लग्नात तिनेच धवले म्हटले होते, आणि कमळला मी आजपर्यंत घाबरतो याला तीच जबाबदार आहे असं मला वाटतं.

आता खरं बोलायचं तर मी पोरीच्या हळदीला डीजे ठरवला होता. सगळेच ठरवतात. पण पोर, म्हणजे नेहा, ऐकेना. नेहा वाशिंदला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला जाते, नवरा मुलगा दिपेश पण तिथलाच. एवढं ये-जा करणारी, इंग्रजीत मेल लिहिणारी पोर, पण म्हणाली की डीजे तुमच्या हौसेला वाजवा, मला हळद सकुआजी लावणार आणि धवला म्हणून लावणार. ती नसेल तर मी पाटावर बसणार नाय. तिचा चेहरा मी ओळखतो. ती बसली नसती. दोनशे माणूस जेवायला बोलावलेलं, आणि नवरी पाटावर नाय, अशी हळद मला बघायची नव्हती.

सकुआत्याने महिन्यापूर्वी हो म्हटलं होतं. पण धवलारणीला दोन दिवस आधी नारळ-सुपारी देऊन रीतसर बोलवावं लागतं, तेवढं करायला मी तिच्या पाड्यावर गेलो. ती निळ्या पाटीसमोर बसली होती. टीव्ही चालू, समोर आत्या.

मी नारळ पुढे केला. तिने हात लावला नाय.

"माघारी ने, साईनाथ," ती म्हणाली. "माझी एक नवरी मांडवात उभी हाय."

मला वाटलं दुसरीकडून बोलावणं आलं. राग आला, पण गिळला आणि विचारलं कोणाची नवरी. म्हणाली, मनस्वी. मी डोक्यात चारही गावं फिरून आलो, एकाही घरात मनस्वी सापडेना. मग तिने टीव्हीकडे बोट केलं.

मनस्वी ही मालिकेतली. संध्याकाळी सातला लागते. दीड वर्षं तिचं लग्न ठरतंय, मोडतंय, परत ठरतंय. बुधवारी एकदाची हळद दाखवली. सकुआत्या सांगत होती की हळद बघून तिला कसंतरीच झालं. एवढा मोठा बंगला, एवढ्या नटलेल्या बायका, आणि पोरीला हळद लावताना तोंडातून एक धवला नाय. नुसतं मागे कुठंतरी बासरी वाजतेय. तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः म्हटला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, त्या पोरीसाठी. आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या आधीच माझ्या चॅनलने डोळे मिटले.

आता तिचा नेम असा. एका नवरीची हळद उचलली, म्हणजे तिच्या हळदीला धवला म्हटला, की तिच्या पाठवणीपर्यंत दुसरी नवरी घ्यायची नाय. पन्नास वर्षांत तिने हा नेम मोडला नव्हता. एकदा एकाच दिवशी दोन लग्नं आली तर तिने सरपंचाच्या घरचं सोडलं होतं, का तर दुसऱ्यांची हळद आधी उचलली होती. मी समजावलं की अगं आत्या, ती नटी आहे, तिला त्याचे पैसे मिळतात, तिचं खरं लग्न होऊन तिला दोन पोरं पण असतील. आत्या म्हणाली असतील, पण मी धवला म्हटला तो खरा म्हटला.

 तरी मी बोललो. नको ते बोललो. म्हणालो, आत्या, खरी नवरी सोडून टीव्हीसमोर गायला तुला कोणी सांगितलं होतं. तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली की तुझ्याआधी तीन वर्षांत मला कोणी बोलवायलाच आलं नाय रे. तीन वर्षांत या चार गावांत निदान चाळीस हळदी झाल्या असतील, आणि त्यातल्या पंचवीस हळदींत मी डीजेसमोर नाचलो होतो. मी नारळ उचलला आणि घरी आलो.

घरी आल्यावर नेहाला सांगितलं. ती रडली. भांडली असती तर मी पण भांडलो असतो, रडणाऱ्या पोरीशी कसं भांडणार. मग मी कामाला लागलो.

पहिला उपाय कमळचा होता, खोटं बोलायचं. शुक्रवारी सकाळी मी परत पाड्यावर गेलो आणि सांगितलं की आत्या, लागलं मनस्वीचं लग्न. वाशिंदला दिपेशच्या घरी बघितलं, काय थाटात लागलं म्हणून सांगू. आत्याने शांतपणे विचारलं, मांडवात तिला कोणी आणली. मी म्हटलं मामाने आणली, दुसरा कोण आणणार. आत्या म्हणाली तिला मामा नाय, गेल्या पावसाळ्यात दरीत पडून मेला. मी म्हटलं मग तो मामासारखा दिसणारा कोणीतरी होता. तिने मला दार दाखवलं.

दुसरा उपाय कल्याण. नेटवर्कच्या ऑफिसात मितेश नावाचा एक मुलगा आहे, माझ्या तक्रारी तोच ऐकतो. त्याला म्हटलं अठरातला एकच चॅनल दे, एका संध्याकाळपुरता, माझ्या पोरीची हळद अडलीय. तो म्हणाला, साईनाथशेठ, मॅटर वरच्या लेव्हलला आहे. मी म्हटलं माझं मॅटर पाटावर बसायचं थांबलंय. त्याला काय कळलं नाय. मग मी त्याच्या दोन्ही कंपन्यांबद्दल जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाय. कमळने फोन काढून घेतला आणि त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं.

तिसरा उपाय नेहाचा. मोबाइलवर मालिका दिसते. पण पाड्यावर रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीवर, आणि सकुआत्या टाकीवर चढणार नाय. तिला खाली धसईला आणून दाखवू म्हटलं तर तिने मोबाइल हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. अंगठ्याएवढ्या नवरीला मी काय म्हणू, म्हणाली.

राहिला वाल्मिक.

वाल्मिकचं घर माझ्या घरासमोर, मधे फक्त रस्ता. दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत माझी लाइन तीन दिवस बंद पडली, तेव्हा तो मला एसटी स्टँडवर चार माणसांत बोलला. मी त्याला आठ माणसांत बोललो. दुसऱ्या दिवशी त्याने माझं कनेक्शन कापलं आणि घरावर छत्री बसवली, ती डिशची छत्री, आणि तिचं तोंड नेमकं माझ्या घराकडे. बसवणारा म्हणाला सॅटेलाइटच त्या दिशेला आहे. असेल. पण दोन वर्षं मी रोज सकाळी दात घासताना ती छत्री बघतोय, आणि दोन वर्षं आमी एकमेकांशी बोललो नाय. आणि छत्रीवाल्या कंपनीचं चॅनलवाल्यांशी भांडण नव्हतं. त्याच्या घरी मनस्वी ठणठणीत होती.

शुक्रवारी दुपारी मी रस्ता ओलांडला. वाल्मिक ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. मी म्हटलं जरा काम होतं. त्याने सुपारी कातरली. मी म्हटलं संध्याकाळी सातला सकुआत्याला तुझ्याकडे टीव्ही बघायचाय. त्याने विचारलं तुमच्याकडे टीव्ही नाय काय. त्याला सगळं माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी त्याने माझ्याकडून वदवून घेतलं की माझ्या केबलला दिसत नाय आणि त्याच्या छत्रीला दिसतं. एकदा वदवून समाधान झालं नाय म्हणून ऐकू आलं नाय म्हणाला. मी परत बोललो. माझ्या पोरीसाठी मी ते तिसऱ्यांदा पण बोललो असतो, पण तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, भावजी, या सगळ्यांना घेऊन, मी चहा टाकते.

सगळ्यांना म्हणजे तिला आमी चौघं म्हणायचं असेल. संध्याकाळी सव्वासहाला वाल्मिकच्या घरात पन्नास माणूस होतं. खिडकीबाहेर वेगळं. गुरुवारचा भाग हुकल्याने बायका कासावीस झाल्या होत्या, तेव्हा वहिनीने, म्हणजे वाल्मिकच्या बायकोने, सगळ्यांना सांगितलं की काय पण हुकलं नाय, वरात आली आणि तोरणाखालून आत जायला त्यांना अर्धा तास लागला. चांगो सगळ्यात पुढे बसला होता. वाल्मिकने मला मुद्दाम खुर्ची दिली, टीव्हीच्या अगदी समोर, माझं तोंड सगळ्यांना दिसेल अशी. कमळ म्हणत होती की नवरीने हळदीच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी फिरू नये. नेहाने ऐकलं नाय, ती सकुआत्याला हाताला धरून घेऊन आली आणि तिच्याजवळ खाली बसली.

सात वाजले. मनस्वी मांडवात आली. काय तो मांडव, माझ्या चार गावांच्या वायरी जोडल्या तरी एवढ्या दिव्यांना पुरल्या नसत्या. अंतरपाट धरला. भटजीने तोंड उघडलं. पन्नास माणसांनी श्वास धरला, मी पण धरला, कारण आणखी दोन मिनिटांत लग्न लागणार, पाठवणी होणार, आत्या मोकळी होणार आणि उद्या माझी पोर पाटावर बसणार.

तेवढ्यात नवऱ्याची आई म्हणाली, थांबा.

मग ती आई कोणाकडे तरी बघते, तो भटजीकडे बघतो, भटजी छताकडे बघतो, आणि प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवतात. शेवटी नवऱ्याने हार काढला, पाटावर ठेवला आणि वरात घेऊन निघून गेला. का गेला ते सांगितलं नाय. मनस्वी एकटी मांडवात उभी, अंगावर पिवळी हळद, आणि चित्र तिथंच थांबलं. खाली अक्षरं आली, पुढचा भाग सोमवारी.

सोमवारी. माझ्या पोरीचं लग्न रविवारी.

माझं टाळकं सरकलं. मी उठलो आणि त्या टीव्हीला, त्या नवऱ्याला, त्याच्या आईला, दोन्ही कंपन्यांना आणि वाल्मिकच्या छत्रीला एका दमात जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. छत्रीचा काय दोष होता मला माहीत नाय, पण तोंडात आलं. कोणी हसलं नाय. मागे वळून बघितलं तर सगळे सकुआत्याकडे बघत होते.

 तिने वहिनीला टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितलं आणि वाटीभर पाणी मागितलं. पाणी म्हटल्यावर वाल्मिक पुढे झाला. टीव्हीवर शिंपडणार नाय ना, बेचाळीस इंची आहे, असं हळूच विचारून गेला.  आत्याने वाटी समोर ठेवून गळा मोकळा केला आणि म्हणायला लागली.

"उतर गो हळदी, उतर उन्हावानी,
पोर माझी जाते घरी, आली तशी मानानी."

तिचा आवाज मोठा नाय, थोडा चिरका झालाय, पण खिडकीबाहेरच्यांपर्यंत पोचला. जुन्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. चारही गावांतले धवले त्यांना माहीत, सोबत म्हणता येतात, पण हा कोणालाच येईना. वहिनीने विचारलं की आत्या, हा कुठला गो, कधी ऐकला नाय.

"कुठून ऐकशील," सकुआत्या म्हणाली. "हा रीतीतला नाय. मी जुळवलाय."

भाताचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. तिचं माहेर शहापूरच्या पलीकडे, आटगावजवळ. सोळा वर्षांची असताना तिची वरात मांडवातून माघारी गेली. का गेली ते तिला पण कोणी सांगितलं नव्हतं. अंगावर हळद तशीच. मोडलेल्या लग्नाची हळद कशी उतरवायची ते कोणाला माहीत नव्हतं, तिथल्या धवलारणीने नारळ उचलला आणि ती आपल्या घरी निघून गेली. आई चुलीकडे तोंड करून बसली. दोन वर्षांनी इकडच्या माणसाशी लग्न लावून दिलं, नवी हळद लावली. "पहिली कोणी उतरवलीच नाय," ती म्हणाली. "म्हणून मी कोणाला मधे सोडत नाय."

एवढं बोलून ती परत टीव्हीकडे वळली, कारण मनस्वी अजून तशीच उभी होती. म्हणजे तिथं खरं तर साबणाची जाहिरात चालू झाली होती, पण आत्याला ते दिसत नव्हतं. धवला पुढे गेला. आता पाण्याची ओळ आली, पाणी आणा गो पाणी, माझ्या पोरीचं तोंड धुवा.

नेहा उठली. मला वाटलं ती टीव्हीवर पाणी शिंपडते, वाल्मिकला पण तेच वाटलं, तो अर्धा उठला. तिने वाटीत हात बुडवला आणि सकुआत्याच्या गालावरून फिरवला. आधी एका, मग दुसऱ्या. मग कपाळावरून. सावकाश, सगळीकडून, उद्या जिला हळद लागायची त्या पोरीने सत्तरी उलटलेल्या बाईचं तोंड पुसलं.

आत्याचा आवाज तुटला. एवढ्या वर्षांत धवल्याच्या मधे तिचा आवाज तुटलेला मी ऐकला नव्हता. बायकांपैकी कोणीतरी तीच ओळ उचलली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. न येणारा धवला पन्नास माणसांनी कसाबसा धरून ठेवला, आत्या परत धवल्यात शिरेपर्यंत. मी रडत होतो. लपवून नाय, चांगला ढसाढसा, गावासमोर. वाल्मिकने खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे टाकला आणि मग परत मागून घेतला, कारण त्याला पण लागला.

आत्याने शेवटची ओळ एकटीने म्हटली. वाटीतलं उरलेलं पाणी दाराबाहेर ओतून आली, पदराने तोंड पुसायला गेली आणि पुसलं नाय, तसंच ओलं ठेवलं. मग नेहाजवळ खाली बसली. धवल्यात दोन्ही घरांची नावं गुंफावी लागतात, सासरची आधी.

"सांग गो," ती म्हणाली. "तुझ्या सासूचं नाव काय?"